मोडलेला नेम

महाराष्ट्रात जून महिन्यात शाळा उघडतात. नव्या पुस्तकांना नवी वेष्टने चढतात, वह्यांच्या पहिल्या पानांवर अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे उमटते, आणि कित्येक घरांच्या भिंतींवर एक नवे वेळापत्रक झळकू लागते. पहाटे पाचला उठणे, बारा सूर्यनमस्कार, गणिताची दहा उदाहरणे, एक पान शुद्धलेखन, रात्री निजण्यापूर्वी रोजनिशी, असा तो भरगच्च कार्यक्रम असतो. वेळापत्रक लिहिणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा निश्चय त्या क्षणी अगदी खरा असतो. त्यात ढोंग मुळीच नसते. पहिले काही दिवस सर्व यथास्थित पार पडते. मग एके दिवशी ताप येतो, किंवा घरी पाहुणे येतात, किंवा पहाटेच्या पावसात पांघरूण सोडवत नाही. एक दिवस चुकतो. त्याच्या मागोमाग दुसरा चुकतो. आणि श्रावण लागण्यापूर्वीच ते वेळापत्रक भिंतीवर नुसते फडफडत राहते. ‘नव्याचे नऊ दिवस’ आणि ‘पहिले पाढे पंचावन्न’ या म्हणी ज्या भाषेत रूढ झाल्या, ती बोलणाऱ्या लोकांना हा अनुभव किती जुना आहे हे निराळे सांगावयास नको.

अशा मुलाला लोक आरंभशूर म्हणतात आणि त्याचा निश्चयच कच्चा होता असे निदान करून मोकळे होतात. हे निदान अपुरे आहे. नेम सर्वांचाच मोडतो. मोठमोठ्या कर्तृत्ववान स्त्री-पुरुषांचाही तो मोडलेला आहे. एकाची सवय पक्की होते आणि दुसऱ्याची सुटते, याचे कारण शोधावयाचे असेल तर नेम घेतला त्या दिवसाकडे पाहण्यापेक्षा नेम मोडल्यानंतरच्या दिवसाकडे पाहिले पाहिजे. त्या दिवशी मनुष्य स्वतःशी कसा वागतो, स्वतःला काय म्हणतो, यावरच पुढचे बरेचसे अवलंबून असते. जो स्वतःला क्षमा करून पुन्हा कामाला बसतो त्याची सवय टिकते. जो स्वतःला बोल लावीत बसतो तो बहुधा कामही सोडतो.

हे नीट समजण्यासाठी इच्छा, ध्येय आणि सवय या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. ‘आपले अक्षर सुंदर व्हावे’ ही इच्छा झाली. ‘दिवाळीपर्यंत प्रत्येक ओळ सरळ यावी आणि शब्दांमध्ये सारखे अंतर राहावे’ असे ठरविले म्हणजे त्या इच्छेला मोजमाप मिळते. ते ध्येय होय. आणि ‘रोज संध्याकाळी दिवे लागले की पाच ओळी लिहावयाच्या’ असे ते ध्येय दिवसाच्या एका ठराविक घटकेला बांधले गेले, म्हणजे सवयीचे बीज पडते. इच्छा मनात राहते, ध्येय पुढे दिसते, सवय मात्र हाताने करावी लागते. भिंतीवरची पुष्कळ वेळापत्रके फसतात, कारण त्यांत एकाच वेळी आठ इच्छा असतात आणि बीज एकाचेही पडलेले नसते. शिवाय ध्येय आपले स्वतःचे असावे लागते. शेजारच्या मुलीला गाणे येते म्हणून गाणे शिकू पाहणाऱ्या, पण मनाची ओढ चित्रांकडे असणाऱ्या मुलाचा नेम पहिल्याच अडचणीत ढासळतो.

लहान प्रारंभ पुढे किती दूर नेतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ साली झाला. त्या काळच्या रूढीप्रमाणे १८७३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी आल्या तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हते. रानडे यांनी त्यांना शिकविण्यास आरंभ केला. मुलीबाळींनी शिकणे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना रुचत नसे. त्यामुळे दिवसा घरकाम आणि बोलणी, व रात्री धडा, असा त्या मुलीचा क्रम होता. तिच्यापुढे आरंभीचे ध्येय म्हणजे मुळाक्षरे एवढेच होते. अक्षरांमागून वाचन आले, वाचनामागून इंग्रजी आले, आणि पुढे सभेत बोलण्याचे धैर्य आले. १९०९ साली पुण्यात स्त्रियांच्या शिक्षणासाठी सेवासदन उभे राहिले त्याच्या त्या आधारस्तंभ होत्या. आणि १९१० साली त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत ते गणले जाते. ज्या मुलीला अकराव्या वर्षी अक्षरओळख नव्हती, तिच्यापुढे कोणी त्याच दिवशी ग्रंथ लिहिण्याचे ध्येय ठेवले असते, तर ती घाबरून गेली असती. रोज रात्रीचा एक धडा मात्र तिला पेलवला.

सवय अंगी बाणण्यास किती दिवस लागतात, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. कोणी एकवीस दिवस सांगतात, कोणी एक महिना सांगतात. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी याविषयी एक अभ्यास केला आणि तो २०१० साली एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. ९६ जणांनी आपापल्या आवडीची एकेक साधी गोष्ट निवडली; कोणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाण्याचे ठरविले, तर कोणी रात्रीच्या जेवणापूर्वी पंधरा मिनिटे धावण्याचे. बारा आठवडे त्यांनी रोज नोंद ठेवली. ती गोष्ट आपोआप, विचार न करता घडू लागण्यास साधारणपणे ६६ दिवस लागतात असे त्यातून दिसले. परंतु माणसामाणसांत फरक फार मोठा होता. कोणाला अवघे १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. एखादा दिवस चुकला, तरी सवय जडण्याच्या क्रियेवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. दुसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू झाले की मागची कमाई शिल्लक राहिलेली असते.

असे असताना एक दिवस चुकताच सर्व गमावले असे का वाटते? कारण खंड पडलेल्या दिवशी मुलाच्या मनात एक कठोर पंतोजी छडी घेऊन उभा राहतो. ‘तुझ्याच्याने काही होणार नाही,’ असे तो बजावतो. ‘आज उठलो नाही’ ही एक साधी घटना आहे. तो पंतोजी तिचे ‘आपण आळशीच आहोत’ असे कायमचे बिरूद करून टाकतो. घटना दुसऱ्या दिवशी बदलता येते. बिरूद एकदा चिकटले की सहसा निघत नाही. शिवाय, ज्या गोष्टीची आठवण होताच मन खाली घालावे लागते, ती गोष्ट मनुष्य टाळू लागतो. रोजनिशीची वही उघडली की चार कोरी पाने दिसतात आणि शरम वाटते. म्हणून वहीच उघडली जात नाही. आणि चार कोऱ्या पानांची चाळीस होतात. काम आळसामुळे एक दिवस राहिले होते. पुढचे एकोणचाळीस दिवस ते शरमेमुळे राहिले.

कॅनडातील कार्लटन विद्यापीठात या गोष्टीचा पडताळा पाहण्यात आला. तेथील पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांच्या दोन लागोपाठच्या परीक्षांच्या वेळी त्यांना त्यांच्या अभ्यासातील चालढकलीविषयी प्रश्न विचारले गेले. पहिल्या परीक्षेच्या वेळी ज्यांनी चालढकल केली, पण त्याबद्दल स्वतःला क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली असे आढळले. हा अभ्यासही २०१० सालीच प्रसिद्ध झाला. स्वतःला फटकारल्याने अभ्यास वाढतो, ही समजूत किती सार्वत्रिक आहे! परंतु येथे अनुभव उलटा आला.

ही गोष्ट ज्याने आपल्या आयुष्यातच पारखून पाहिली, अशा एका पुरुषाचे चरित्र या ठिकाणी आठवते. बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म १७०६ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी झाला. पुढे ते फिलाडेल्फिया येथे मुद्रक झाले, आणि विजेचे संशोधक व राष्ट्रपुरुष म्हणून जगास माहीत झाले. तरुण वयात त्यांनी सर्वस्वी निर्दोष होण्याचा निश्चय केला. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की एका दोषावर पहारा ठेवावा, तोच दुसरा दोष मागील दाराने आत शिरतो. तेव्हा त्यांनी मोठा निश्चय बाजूस ठेवून बारीक युक्ती काढली. मितभाषण, काटकसर, उद्योग, नीटनेटकेपणा अशा गुणांची त्यांनी यादी केली. आरंभी तीत बारा गुण होते. लोक तुम्हाला गर्विष्ठ समजतात असे एका मित्राने सांगितले, तेव्हा नम्रता हा तेरावा गुण जोडला. एका लहानशा वहीत त्यांनी तांबड्या शाईने रेघा आखल्या. आठवड्याच्या सात दिवसांची सात घरे केली. आणि ज्या दिवशी ज्या गुणात चूक होईल तेथे एक काळा ठिपका द्यावयाचा असे ठरविले. एका आठवड्यात मुख्य लक्ष एकाच गुणाकडे असे. तेरा आठवड्यांत एक फेरी पुरी होई आणि वर्षात अशा चार फेऱ्या होत.

वही भरू लागली, तेव्हा आपल्या अंगी कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक दोष आहेत हे पाहून त्यांना आश्चर्य वाटले. पण ते निराश झाले नाहीत. नवी फेरी सुरू करताना ते जुने ठिपके खरवडून काढीत. इतके की कागदाला भोके पडली! मग त्यांनी हस्तिदंती पानांची वही घेतली. तिच्यावर शिसपेनने काढलेले ठिपके ओल्या बोळ्याने सहज पुसता येत. या पुसण्यात मोठे शहाणपण आहे. चूक नोंदली पाहिजे, म्हणजे ती दिसते. आणि नोंदल्यानंतर कालांतराने पुसलीही पाहिजे, म्हणजे तिचे ओझे पुढच्या आठवड्यावर पडत नाही. नीटनेटकेपणा हा गुण फ्रँकलिन यांना शेवटपर्यंत साधला नाही, आणि आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. पूर्णत्व हाती आले नाही, तरी त्या प्रयत्नामुळे आपण एरवी झालो असतो त्याहून चांगले आणि सुखी झालो, असा निर्वाळा त्यांनी वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी दिला. यासाठी त्यांनी दाखला दिला आहे तो शाळेतलाच आहे. सुंदर छापील अक्षराचा कित्ता गिरवणाऱ्याचे अक्षर कित्त्याइतके सुरेख कधी होत नाही, तरी गिरवता गिरवता त्याचा हात सुधारतोच.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की स्वतःला क्षमा करण्याची मुभा दिली, तर मुले आळशी होतील; ‘आज राहिले, हरकत नाही’ असे रोजच म्हणतील. आक्षेप विचार करण्यासारखा आहे. क्षमा आणि सबब या दोन गोष्टी दुरून सारख्या दिसतात. त्यांतील भेद दाखविणारी एक गोष्ट फ्रँकलिन यांनीच सांगितली आहे. एका मनुष्याने लोहाराकडून कुऱ्हाड विकत घेतली आणि तिची धार चकाकते तशी ती सगळीच चकचकीत करून हवी, असा आग्रह धरला. लोहाराने अट घातली की घासण्याचे चाक त्याने फिरवावे. चाक फिरवता फिरवता त्या मनुष्याचे हात भरून आले. तो पुनःपुन्हा थांबून कुऱ्हाड पाही. तीवर ठिपके असतच. अखेर तो कुऱ्हाड आहे तशीच घेऊन निघाला. लोहार म्हणाला, ‘फिरवीत राहा, हळूहळू सगळी उजळेल.’ त्यावर त्याने उत्तर दिले की आपल्याला ठिपक्यांचीच कुऱ्हाड अधिक आवडते. थकून थांबण्यात त्याचा अपराध नव्हता. थकवा कोणालाही येतो. पण थांबण्याची लाज झाकण्यासाठी त्याने आपली आवडच बदलल्याचे सोंग केले. ही सबब झाली. सबब म्हणते, ‘ते काम करण्यासारखेच नव्हते.’ क्षमा म्हणते, ‘काम करण्यासारखे आहे, आज राहिले, उद्या करावयाचे आहे.’ सबबीनंतर चाक थांबते, क्षमेनंतर ते पुन्हा फिरू लागते. एवढी एक खूण ध्यानात ठेवली, तर दोहोंमध्ये गल्लत होण्याचे भय नाही.

हाच धडा महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्याकडूनही घेता येईल. मृगाच्या पहिल्या सरी पडतात, पेरणी होते, कोवळे कोंब वर येतात, आणि पाऊस ओढ देतो. कोंब डोळ्यांदेखत करपतात. तो शेतकरी कपाळाला हात लावीत असेल. त्याचे दुःख मोठे असते, कारण बियाणे गेले आणि मेहनतही गेली. तरी जमिनीला तो नापीक म्हणत नाही. पुढच्या पावसाची वाट पाहून, वाफसा आला की तो दुबार पेरणी करतो; आणि पहिल्या वेळी पुरेशी ओल होण्यापूर्वीच आपण घाई केली काय, याचाही विचार करतो. मनाच्या मशागतीतही हेच करावे लागते. नेम मोडला तर मनाला नापीक ठरवू नये. पण नेम का मोडला याची चौकशी जरूर करावी. पहाटे पाचला उठण्याचा नेम वारंवार मोडत असेल, तर रात्री निजण्यास उशीर होतो काय, हे पाहावे. दहा उदाहरणे होत नसतील, तर तीन करावीत. पण ती रोज करावीत. दुबार पेरणी फुकट होत नाही. पुन्हा आरंभ करण्यासही कष्ट पडतात, आणि ते कष्ट करण्याचे बळ राहावे म्हणूनच स्वतःवरील राग आवरावा लागतो.

विद्यार्थ्याने एका वेळी एकच ध्येय धरावे. ते रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या घटकेला, जसे दात घासणे, शाळेतून घरी येणे, दिवे लागणे, जोडून द्यावे. आजारपणाच्या किंवा प्रवासाच्या दिवसासाठी त्याचे एक लहान रूप आधीच ठरवून ठेवावे. पाच ओळींऐवजी एक ओळ लिहिली तरी धागा तुटत नाही. आणि तो दिवसही कोरा गेला, तर वहीत तशी खूण करून पुढचे पान उघडावे. मागच्या दिवसांची भरपाई म्हणून एकदम पन्नास ओळी लिहावयास बसू नये. ती शिक्षा होते, आणि शिक्षा वाटणारे काम मन लवकरच टाळू लागते.

परंतु हे सर्व एकट्या मुलावर सोपवून चालणार नाही. मनातील तो छडी घेतलेला पंतोजी बहुधा बाहेरच्या शब्दांतूनच घडलेला असतो. ‘हा काय करणार!’, ‘हिचे सगळे चार दिवसांचेच!’ अशी वाक्ये घरात आणि वर्गात थट्टेने बोलली जातात; ऐकणारे मूल ती थट्टा म्हणून ठेवीत नाही. जो मित्र धावण्याचा सराव सोडून आठ दिवसांनी पुन्हा मैदानावर येतो, त्याला ‘इतके दिवस कोठे होतास?’ असे टोचून विचारण्यापेक्षा ‘चल, एक फेरी मारू’ असे म्हणणारा सोबती अधिक उपकारक असतो. जी मुलगी दुसऱ्याची चूक अशी सांभाळून घेण्यास शिकते, तिला स्वतःची चूकही सांभाळून घेता येते. कारण दया ही एकाच मनातून दोन्हीकडे वाहते.

लिहिण्यास बसताना आरंभी ‘हरिः ॐ’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. १८९९ साली, तुरुंगातून सुटून आल्यानंतर, लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’ची सूत्रे पुन्हा हाती घेतली, तेव्हा अग्रलेखाचा मथळा होता ‘पुनश्च हरिः ॐ’. तो खंड त्यांच्या हातून पडला नव्हता, सरकारने पाडला होता. तरी मोडलेले काम पुन्हा हाती घेण्यासाठी मराठी भाषेला तेव्हापासून एक सुरेख शब्दप्रयोग मिळाला. वर्षभरात ज्या विद्यार्थ्याला तो अनेकदा उच्चारावा लागेल, त्याने लाज वाटून घेण्याचे कारण नाही. भिंतीवरचे वेळापत्रक फाटले असेल, तर त्यातील सात ओळी खोडून एकच ठेवावी आणि आज दिवे लागले की तेवढी एक पाळावी.